चरईतील युद्धपूर्व इमारतीत मोठे घर विक्रीला आहे : घ्यावे का, आणि घ्यायचे तर नेमके काय तपासावे?

घोडबंदरवासी :

नमस्कार. आम्ही सध्या घोडबंदर रस्त्यावरील एका संकुलात दोन बेडरूमच्या सदनिकेत राहतो. आई-वडील आता कायमचे आमच्याकडे येणार असल्याने मोठे घर हवे आहे, आणि त्यांना दवाखाना, देऊळ व मंडई पायी गाठता यावी म्हणून जुन्या ठाण्यातच शोध घेत आहोत. चरई आणि जांभळी नाक्याच्या मधल्या एका गल्लीत तळमजला अधिक दोन मजल्यांच्या इमारतीतील पहिला मजला विक्रीला आहे. जाहिरातीत त्याचे वर्णन ‘युद्धपूर्व (म्हणजे दुसऱ्या महायुद्धाआधीचे) बांधकाम, अकराशे चौरस फूट, मालकी हक्क’ असे केले असून किंमत १ कोटी ९० लाख रुपये सांगितली आहे.

घर पाहिल्यावर मोह पडला हे खरे. छताची उंची साडेअकरा फूट आहे, रस्त्याच्या बाजूला लाकडी कठड्याची लांब गॅलरी आहे, दारे-खिडक्या सागवानी आहेत आणि दोन खोल्यांत रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या अजून शाबूत आहेत. मागच्या बाजूच्या मोरीजवळ मात्र भिंतीला ओल आहे आणि तिथे अलीकडेच नवा गिलावा केलेला दिसतो.

कागदपत्रांच्या फायलीत तीन गोष्टी मिळाल्या. मिळकत पत्रिकेवर (प्रॉपर्टी कार्डावर) विक्रेत्याच्या आजोबांचे नाव आहे, घरपट्टीची पावती विक्रेत्याच्या वडिलांच्या नावाने आहे, आणि शंभर रुपयांच्या मुद्रांकावर नोटरी केलेला, भावाभावांतील एक वाटणीचा करार आहे, ज्यात पहिला मजला विक्रेत्याच्या वडिलांकडे दिल्याचे लिहिले आहे. मध्यस्थाचा आग्रह असा की दुसरे गिऱ्हाईक तयार असल्याने या आठवड्यातच दहा लाख रुपये इसार द्यावा. या कागदांवर व्यवहार करणे सुरक्षित आहे का, इमारत किती वर्षे टिकेल याचा अंदाज कसा घ्यावा, आणि स्वयंपाकघर व माजघर यांमधली भिंत काढून मोठे स्वयंपाकघर करता येईल का, याविषयी जाणकारांनी कृपया लिहावे.

मिळकतपत्रिका :

इसाराचा विषय तूर्त बाजूला ठेवा. दुसरे गिऱ्हाईक खरोखर असेल आणि तो हेच कागद पाहून पैसे देणार असेल, तर त्याला देऊ द्यावेत.

‘मालकी हक्क’ हे शब्द आज ज्या अर्थाने वापरले जातात, तो अर्थ ही इमारत बांधली गेली तेव्हा अस्तित्वातच नव्हता. मजल्यावरची एक सदनिका स्वतंत्रपणे विकत घेण्याची पद्धत रुळल्यावर महाराष्ट्रात त्यासाठी मोफा म्हणून ओळखला जाणारा कायदा १९६३ मध्ये आणि अपार्टमेंट मालकीचा कायदा १९७० मध्ये आला. सहकारी गृहनिर्माण संस्था त्याआधीही होत्या, गावदेवीची सारस्वत संस्था तर १९१५ ची आहे. पण जुन्या ठाण्यातील सर्वसाधारण इमारत म्हणजे एका मालकाची जमीन, त्यावर त्याने बांधलेले घर, स्वतःसाठी एक मजला आणि उरलेले मजले भाड्याने, अशीच असे. त्यामुळे अशा इमारतीत ‘घर विकणे आहे’ असे कोणी म्हटले की पहिला प्रश्न किमतीचा नसतो. भाडेकरू आपला पागडीचा हक्क (एकरकमी पैसे देऊन घेतलेला भाडेकरूपणाचा हक्क) विकतो आहे, मालकांपैकी एक जण आपला अविभक्त, म्हणजे वाटणी न झालेला, हिस्सा विकतो आहे, की रीतसर वेगळी केलेली मिळकत विकली जात आहे, हे आधी ठरवावे लागते, कारण या तिन्हींची किंमत, मुद्रांक शुल्क आणि जोखीम पूर्णपणे निराळी असते.

तुमच्या वर्णनावरून हा दुसरा प्रकार दिसतो. आजोबांचे नाव मिळकत पत्रिकेवर अजून असणे याचा अर्थ वारसांची नोंदच झालेली नाही. ज्या दस्ताने वाटणी होते, तो नोंदणी अधिनियम १९०८ नुसार नोंदवलेला असावा लागतो. आधी तोंडी झालेल्या वाटणीची नुसती आठवण म्हणून लिहिलेला कागद नोंदवला नसला तरी काही परिस्थितीत ग्राह्य धरला जातो, परंतु ‘या कराराने वाटणी करीत आहोत’ अशी भाषा त्यात असेल तर तो आधार लंगडा पडतो. भावाभावांचा करार असे तुम्ही लिहिले आहे. मग बहिणींचे काय? आजोबा १९५६ च्या हिंदू वारसा कायद्यानंतर मृत्युपत्र न करता वारले असतील आणि मिळकत त्यांनी स्वतः कमावलेली असेल, तर मुलींना मुलांइतकाच वाटा त्या कायद्यानेच मिळतो. मिळकत वडिलोपार्जित असेल तर महाराष्ट्रातील १९९४ ची दुरुस्ती आणि केंद्राची २००५ ची दुरुस्ती लागू होते का ते पाहावे लागते. कोणत्याही बाजूने पाहिले तरी आत्यांची सही नसलेला कागद हा अर्धा कागद आहे.

यापुढची गोष्ट अनेकांना ठाऊक नसते, म्हणून सविस्तर लिहितो. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम १८८२ च्या कलम ४४ प्रमाणे अविभक्त कुटुंबाच्या राहत्या घरातील हिस्सा बाहेरच्या माणसाने विकत घेतला, तर त्याला त्या घराचा संयुक्त ताबा मागण्याचा हक्क मिळत नाही. त्याने वाटणीचा दावा लावला तर १८९३ च्या वाटणी अधिनियमाचे कलम ४ कुटुंबातील भागीदाराला तो हिस्सा मूल्यांकनाने परत विकत घेण्याची मुभा देते. म्हणजे पैसे मोजून, मुद्रांक भरून, किल्ली हातात घेऊनही एखादा चुलतभाऊ तुम्हाला न्यायालयात उभे करू शकतो.

तेव्हा विक्रेत्याकडे लेखी मागणी करा : सर्व वारसांची नोंद झालेली ताजी मिळकत पत्रिका, सर्वांच्या सह्यांचे नोंदणीकृत वाटपपत्र किंवा हक्कसोडपत्रे, आणि इतर मजल्यांवर कोण कोणत्या नात्याने राहते याची यादी. ठाण्यातीलच एखाद्या वकिलाकडून मिळकतीच्या जुन्या नोंदींचा किमान तीस वर्षांचा शोध अहवाल घ्या आणि दोन वर्तमानपत्रांत जाहीर नोटीस द्या, त्यांपैकी एक मराठी असावे, कारण हक्क सांगणारे नातेवाईक बहुधा तेच वाचतात.

चुनखडी :

मी बांधकाम अभियंता आहे आणि जुन्या इमारतींच्या दुरुस्तीचे काम करतो, म्हणून फक्त भिंतींविषयी लिहितो.

सर्वप्रथम, भिंत काढण्याचा विचार सोडून द्या. त्या काळातील अशा इमारतींत खांब आणि तुळयांचा सांगाडा बहुधा नसतो; जाड विटांच्या भिंतीच वरचा सगळा भार पायापर्यंत नेतात. तुमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दुसऱ्या मजल्याची भिंत आणि तिच्यावर छप्पर टेकलेले असण्याची शक्यता दाट आहे. असलेले दार थोडे रुंद करायचे झाले तरी वरच्या तुळईचे गणित करून आणि परवानगी घेऊनच करावे लागेल.

इमारत खरोखर युद्धपूर्व आहे का, हे जाहिरातीवरून ठरवू नका. महापालिकेच्या करआकारणी नोंदवहीत आणि नगर भूमापनाच्या चौकशीच्या नोंदींत काही सापडते, आणि घर स्वतःही बोलते. रंगीत नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या दोन महायुद्धांच्या मधल्या काळात लोकप्रिय झाल्या. स्वदेशीच्या प्रेरणेने मुंबईत सुरू झालेली भारत टाइल्स ही कंपनी १९२२ ची आहे. जिन्याखाली किंवा गॅलरीच्या पोटात लोखंडी गर्डर उघडे असतील तर त्यांवर डॉर्मन लाँग किंवा टाटा या पोलाद कंपन्यांच्या नावाची उठावाची अक्षरे शोधा. युद्धाच्या वर्षांत पोलाद आणि सिमेंट यांची टंचाई होती, त्यामुळे १९४० नंतर घाईत चढवलेला मजला खालच्या मजल्यापेक्षा हलक्या प्रतीचा निघू शकतो. दुसरा मजला मूळचा आहे की मागाहून चढवलेला, हे अवश्य विचारा.

आता ओल. जुन्या भिंतीत विटा चुन्यात बांधलेल्या असतात आणि वरचा गिलावाही चुन्याचा असतो. अशी भिंत पावसाळ्यात पाणी शोषते आणि उन्हाळ्यात ते बाहेर सोडते. तिच्यावर सिमेंटचा गिलावा थापला की बाहेर पडण्याची वाट बंद होते, ओल आत अडकते, क्षार साचतात आणि दोन पावसाळ्यांत पोपडे पडू लागतात. मोरीजवळ तुम्हाला दिसलेला नवा गिलावा बोटाने खरवडून पाहा; राखाडी निघाला तर ती दुरुस्ती नव्हे, घर दाखवण्यापूर्वी घातलेले पांघरूण आहे.

खरी भीती भिंतीची नसून तिच्यात रोवलेल्या टोकांची असते. मजला सागवानी तुळयांवर असेल तर तुळईचे मधले अंग ठणठणीत आणि भिंतीतले टोक कुजलेले, असे वारंवार आढळते. गर्डरवर शहाबादी लाद्या टाकून वर चुन्याचा कोबा केलेला असेल तर मोरी व शौचालयाच्या खालचे गर्डर गंजून फुगतात आणि लाद्या उचलतात. म्हणून पाहणी तुमच्या मजल्यावरून करून भागणार नाही. तळमजल्याचे छत, म्हणजे तुमच्या घराची जमीन, खालून पाहता आली पाहिजे. दुकानदार माळा काढू देत नसेल तर अर्धी तपासणी झालीच नाही असे समजा. गच्चीच्या कठड्यात किंवा पाण्याच्या नळांलगत पिंपळ उगवला आहे का, हेही पाहा, कारण त्याची मुळे चुन्यात फार सहज शिरतात.

संरचनात्मक तपासणी अहवालाविना पुढे जाऊ नका. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम २६५-अ प्रमाणे तीस वर्षांवरील इमारतींची अशी तपासणी नोंदणीकृत अभियंत्याकडून करून घेणे मालकांवर बंधनकारक आहे, म्हणून विक्रेत्याकडे आधीचा अहवाल मागणे यात गैर काही नाही. ठाणे महापालिका पावसाळ्यापूर्वी धोकादायक इमारतींची यादी काढते. त्यातील सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करून पाडण्याची. सी-२अ म्हणजे रिकामी करून दुरुस्त करण्याची. सी-२ब म्हणजे राहत्या स्थितीत दुरुस्त करण्याची. आणि सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तुमच्या इमारतीचे नाव कोणत्या वर्गात आहे, की यादीत नाहीच, हे प्रभाग समितीच्या कार्यालयात कळते. सी-२ब असेल तर मी लगेच नाही म्हणणार नाही. चुन्यातली, सागवानाची, नीट राखलेली इमारत अजून अनेक वर्षे उभी राहू शकते. खाडीकाठच्या खाऱ्या हवेत १९७० आणि ८० च्या दशकांतील पातळ कव्हरच्या (सळ्यांवर काँक्रीटचा थर कमी असलेल्या) काँक्रीट इमारतींची अवस्था अनेकदा हिच्यापेक्षा वाईट असते.

आणखी एक. अकराशे चौरस फूट कसे मोजले ते विचारा. आतून बारा बाय पंधरा फुटांची खोली १८० चौरस फूट भरते; तिच्या चारही बाजूंच्या दीड फुटी भिंती धरल्या तर तीच २७० होते. टेप घेऊन आतून मोजा आणि दर त्या आकड्यावर काढा.

चरईकर :

कायदा आणि चुना यांवर वर पुरेसे आले आहे, म्हणून राहण्याविषयी थोडेसे. मी अशाच एका घरात लहानाचा मोठा झालो आणि अजून तिथेच राहतो. एप्रिल-मे महिन्यांतही दुपारी पंख्यावर भागते, कारण उंच छत आणि जाड भिंत. मासुंदा तलाव, कौपिनेश्वर, मराठी ग्रंथसंग्रहालय, स्टेशन, सगळे पायी आहे आणि वृद्धांना याचे मोल फार वाटते. पण त्याच वृद्धांना जुना, अंधारा आणि उभ्या चढाचा लाकडी जिना रोज चढायचा आहे, उद्वाहन नाही आणि बसवायला जागाही नसते. आई-वडिलांना एकदा पावसाळ्यात तिथे नेऊन जिना चढायला सांगा, मग निर्णय घ्या. मोटार ठेवायला जागा मिळणार नाही, आणि नवरात्रात टेंभी नाक्याच्या बाजूने रात्री घरी पोहोचणे हा स्वतंत्र विषय आहे.

घोडबंदरवासी :

सर्वांचे मनापासून आभार. आपल्या सूचनांप्रमाणे विचारणा केली. विक्रेत्याने मोकळेपणाने सांगितले की आजोबांना तीन मुलगे आणि एक मुलगी. मुलगी, म्हणजे विक्रेत्याची आत्या, अमेरिकेत स्थायिक असून तिने वाटणीच्या करारावर सही केलेली नाही, पण ‘तिची हरकत नाही’. तळमजल्यावर दोन दुकाने आणि दुसऱ्या मजल्यावर दोन बिऱ्हाडे आहेत, आणि ते चौघेही जुने भाडेकरू आहेत. इमारत यादीत सी-२ब वर्गात आहे. बँकेने इमारतीचे वय ऐकून, अभियंत्याचा उर्वरित आयुष्याचा दाखला आणल्याशिवाय अर्जच घेणार नाही असे सांगितले. मध्यस्थ मात्र म्हणतो की मुंबईप्रमाणे म्हाडाकडून इमारतीची दुरुस्ती होईल आणि पुढेमागे पुनर्विकासात दुप्पट जागा मिळेल. यात तथ्य किती?

तिसरी पिढी :

तथ्य नाही. उपकर भरणाऱ्या जुन्या इमारतींची म्हाडाच्या मंडळामार्फत दुरुस्ती ही व्यवस्था मुंबई शहर बेटापुरती आहे. १ सप्टेंबर १९४० पूर्वीच्या इमारतींना तिथे ‘अ’ वर्ग असतो, हे मध्यस्थाने कुठेतरी ऐकले असावे. ठाण्याला ती लागू नाही. इथे दुरुस्तीचा खर्च मालकांनी करायचा, म्हणजे उद्या तुम्हीही त्यात आलात.

मी अशाच एका इमारतीच्या मालक-कुटुंबातला आहे, म्हणून दुसऱ्या बाजूने सांगतो. १९४७ च्या भाडे नियंत्रण कायद्याने १ सप्टेंबर १९४० रोजीचे भाडे हा प्रमाणित भाड्याचा आधार धरला आणि पुढे पन्नासहून अधिक वर्षे भाडी तिथेच खिळून राहिली. १९९९ चा नवा कायदा ३१ मार्च २००० पासून लागू झाला, त्याने वर्षाला चार टक्के वाढ दिली. पण मुळात वीस-तीस रुपये भाडे असेल तर चार टक्क्यांनी काय होणार? गोळा होणाऱ्या भाड्यात वर्षाकाठी गच्चीचे डांबरीकरणही होत नाही, म्हणून दुरुस्ती राहते, आणि दुरुस्ती नाही म्हणून इमारत यादीत जाते. यात भाडेकरूंचा दोष आहे असे मी म्हणत नाही. त्यांना कायद्याने संरक्षण आहे आणि प्रमाणित भाडे देत आहेत तोवर मालक त्यांना सहजी काढू शकत नाही. मात्र हिस्सा विकत घेणारा माणूस एका मजल्याबरोबर हे चार भाडेकरू आणि त्यांच्याशी असलेले जुने-नवे वादही विकत घेतो.

पुनर्विकासाचे गणित करताना आधी गल्लीची रुंदी मोजा. २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत चटईक्षेत्र (भूखंडावर किती बांधकाम करता येते ते) रस्त्याच्या रुंदीशी बांधलेले आहे आणि नऊ मीटरच्या आतल्या रस्त्यावर बाहेरून टीडीआर, म्हणजे दुसऱ्या जागेचा बांधकामाचा हक्क, आणण्याची मुभा साधारणतः मिळत नाही. त्यातून चार भाडेकरूंचे पुनर्वसन, मालकांचे तीन-चार हिस्से आणि बिल्डरचा नफा काढला की ‘दुप्पट’ कुठून येणार, हे मध्यस्थाला कागदावर मांडायला सांगा. भूखंड क्लस्टर योजनेच्या (अनेक इमारतींच्या एकत्रित पुनर्विकासाच्या) आराखड्यात येतो का आणि रस्तारुंदीकरणाची रेषा घरातून जाते का, हेही शहर विकास विभागातून काढून घ्या. जुन्या गल्ल्यांत ती रेषा पुष्कळदा गॅलरीतून किंवा पुढच्या खोलीतूनच गेलेली असते.

चुनखडी यांच्या चुन्यावरील श्रद्धेचा आदर आहे, परंतु एकाच मजल्याची नीट दुरुस्ती करून इमारत टिकत नाही. वरचे छप्पर दुसऱ्याच्या हातात आणि खालचे गर्डर तिसऱ्याच्या दुकानात असताना तुम्ही तुमच्या भिंती कितीही सांभाळल्या तरी उपयोग मर्यादित.

चुनखडी :

हा आक्षेप मान्य आहे. म्हणूनच दुरुस्तीचा खर्च कोण किती करणार याचा सर्व मालकांत लेखी करार खरेदीआधी व्हावा, आणि सी-२ब ची दुरुस्ती विक्रेत्यांनी आधी पूर्ण करून द्यावी किंवा तिचा अंदाजित खर्च किमतीतून वजा व्हावा. दोन्हींना नकार असेल तर मीही हे घर घ्या असे म्हणणार नाही.

मिळकतपत्रिका :

‘तिची हरकत नाही’ हे वाक्य दस्तात चालत नाही. आत्यांनी एकतर नोंदणीकृत हक्कसोडपत्र द्यावे किंवा खरेदीखतात लिहून देणार म्हणून स्वतः सामील व्हावे. परदेशातून मुखत्यारपत्र देणार असतील तर ते तिथे भारतीय वकिलातीकडून किंवा नोटरीकडून रीतसर साक्षांकित होऊन यावे, आणि भारतात आल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक लागावा. ५० लाखांवरील खरेदीत निवासी भारतीय विक्रेत्याच्या रकमेतून एक टक्का टीडीएस (विक्रेत्याच्या वतीने आधीच कापून भरायचा आयकर) कापायचा असतो, आणि विक्रेते अनेक असले तरी ही मर्यादा एकूण किमतीवर पाहिली जाते. परंतु आत्या अनिवासी असतील आणि त्यांनी हक्कसोडपत्र न देता विक्रीत भाग घेतला, तर त्यांच्या वाट्याला एक टक्क्याचा नियम लागत नाही. तिथे भांडवली नफ्याच्या दराने कापावा लागतो आणि तो न कापल्यास जबाबदारी घेणाऱ्यावर येते. सनदी लेखापालाला याच टप्प्यावर गाठा.

खर्चाचा अंदाजही सांगून ठेवतो. ठाणे महापालिका हद्दीत अधिभारांसह मुद्रांक शुल्क सात टक्के पडते, म्हणजे १ कोटी ९० लाखांवर १३ लाख ३० हजार रुपये, आणि नोंदणी फी कमाल ३० हजार. घर केवळ स्त्रियांच्या नावे घेतल्यास एक टक्का सवलत आहे, म्हणजे १ लाख ९० हजार वाचतात. शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यानुसार येणारे मूल्य जास्त असेल तर शुल्क त्यावर लागेल, मात्र मूल्यांकन करताना इमारतीच्या वयाचा घसारा मागायला विसरू नका.

माझ्या मते क्रम असा असावा की कुटुंबाने आधी सर्वांच्या सह्यांचे वाटपपत्र नोंदवावे, मिळकत पत्रिकेवर नावे चढवावीत, आणि इमारतीतील घरांची संख्या १९७० च्या कायद्यात बसत असेल तर घोषणापत्र करून पहिला मजला, त्याच्याशी जोडलेल्या जमिनीच्या अविभाज्य हिश्श्यासह, स्वतंत्र अपार्टमेंट करावा. विक्रेत्याला याला सहा-आठ महिने लागतील. तोवर त्याला तुमची खात्री हवी असेल तर दहा लाखांऐवजी एखादा लाख रुपये धनादेशाने द्या, आणि इसार पावतीत स्पष्ट लिहून घ्या की ठरलेल्या मुदतीत वाटपपत्र नोंदवले गेले नाही, आत्यांची सही आली नाही किंवा अभियंत्याच्या अहवालात इमारत सी-२ब पेक्षा वाईट वर्गात गेली, तर ही रक्कम कोणतीही कपात न करता पंधरा दिवसांत परत मिळेल. त्या पावतीवर तिन्ही भावांच्या शाखांची सही घ्या, एकट्या विक्रेत्याची नको.